एकच कात्री घ्या, पण उघडता येणारी

गुलाबाची छाटणी झाल्यावर चार-पाच दिवसांनी कापलेल्या फांदीचं टोक जवळून पाहावं. काप स्वच्छ बसला असेल तर ते टोक सपाट आणि कोरडं दिसतं. साल अगदी काठापर्यंत हिरवी असते आणि तिच्या खालचा डोळा फुगायला लागलेला असतो. बोथट कात्री फिरली असेल, तर सालीची एक पट्टी खाली सोलवटलेली दिसते, गाभ्याचे धागे बाहेर आलेले असतात आणि एका बाजूची साल चेपून तपकिरी झालेली असते. हा चेपलेला भाग मरतो. त्यात बुरशी शिरली की फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. गुलाबवाले याला डायबॅक म्हणतात आणि लगेच बुरशीनाशकाची बाटली शोधतात. फवारणी गरजेची असेलही, पण त्याआधी हातातली कात्री उजेडात धरून पाहायला हवी.

घरच्या बागेवर आता बराच पैसा खर्च होतो. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, कलमी रोपं, ठिबकचे छोटे संच, सगळं घरपोच येतं. कात्रीची पाळी मात्र सगळ्यात शेवटी. शिवणाच्या डब्यातली जुनी कात्री, स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायची कात्री, नाही तर नर्सरीच्या गल्ल्याशेजारी टांगलेली प्लास्टिकच्या मुठीची कुठली तरी सिकेटर. ज्यांना जास्त हौस असते ते एका पेटीत दहा-बारा अवजारांचा संच मागवतात. त्यातलं खुरपं आणि एखादी कात्री वापरात राहते, बाकीची अवजारं पेटीतच गंजतात.

हा क्रम बदलायला हवा. घरच्या बागेला संच लागत नाही. एक चांगली सिकेटर, एक घडीची करवत आणि धार लावायला एक निसणा, एवढ्यावर बाल्कनीपासून बंगल्याच्या आवारापर्यंत जवळजवळ सगळी छाटणी होते. चांगली सिकेटर ओळखण्याची पहिली खूण किंमत किंवा चकाकी ही नव्हेच. ती पूर्ण उघडता येते का, तिचं पातं काढून धार लावता येते का आणि स्प्रिंग तुटली तर नुसती स्प्रिंग बाजारात मिळते का, हे आधी विचारावं. जी कात्री रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली आहे, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. एक-दोन हंगामांत ती बोथट होणार, आणि बोथट झाल्यावर तिचं काहीच करता येणार नाही.

द्राक्षपट्ट्यात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. निफाड, दिंडोरी, तासगाव या भागांत वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना, साधारण ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. खरड छाटणीत जुन्या काड्या ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळ, आणून नव्या काड्या फुटायला लावतात. गोडी छाटणीत घड देणारे डोळे मोजून राखतात आणि काडीचा पुढचा भाग उडवतात. कसबी छाटणीवाला काडी डाव्या हातात धरतो, डोळे मोजतो आणि शेवटच्या डोळ्याच्या थोडं वर कात्री चालवतो. असे हजारो काप एका दिवसात होतात. एवढ्या कामात बोथट पात्याची शिक्षा आधी मनगटाला बसते, त्यामुळे धार आणि स्प्रिंग यांच्याकडे दुर्लक्ष करणं त्याला परवडतच नाही. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांना जे रोजच्या कामातून कळलेलं आहे, ते पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत अजून पोचलेलं नाही.

त्याच बागांत पुढे मण्यांची विरळणी होते, तेव्हा हातात दुसरीच कात्री येते. लांब, निमुळत्या टोकाची, वजनाला हलकी. घडात शिरून नको तेवढेच मणी टिपायचे आणि शेजारच्या मण्याला ओरखडाही जाऊ द्यायचा नाही, असं ते काम. ज्यांची बाग म्हणजे खिडकीतली तुळस, मिरची, मोगरा आणि चार शेवंत्या, त्यांनी सिकेटरऐवजी हीच कात्री घ्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या आणि मोगऱ्याचे कोवळे शेंडे तिने फार नीट कापले जातात, आणि नाशिक-सांगलीच्या कृषी साहित्याच्या दुकानांत ती सहज मिळते.

आता सिकेटरच्या दोन जाती. बायपास प्रकारात एक धारदार पातं असतं आणि दुसरीकडे आकड्यासारखा वळलेला, धार नसलेला जबडा. पातं त्या जबड्याला घासून पुढे निघून जातं, शिवणाच्या कात्रीप्रमाणेच. अ‍ॅन्व्हिल प्रकारात पातं एका सपाट पट्टीवर येऊन थांबतं, ऐरणीवर छिन्नी यावी तसं. फांदी त्या दोन्हींच्या मध्ये दाबली जाऊन तुटते. वाळलेल्या, कडक काटकीसाठी ही दुसरी कात्री चांगली, कारण तिला जोर कमी लागतो आणि मेलेल्या लाकडाला चेपण्याने काही होत नाही. हिरव्या फांदीवर मात्र ती चालवू नये. गुलाब, जास्वंद, लिंबू, पेरू, कढीपत्ता, बोगनवेल, अनंत या आपल्याकडच्या नेहमीच्या झाडांची छाटणी बहुतेक हिरव्या फांदीचीच असते. म्हणून घरात एकच कात्री असणार असेल तर ती बायपासच असावी.

बायपास कात्री हातात आल्यावरही ती कशी धरायची, हा मुद्दा राहतोच. पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा काढून टाकायच्या तुकड्याकडे. आकड्याच्या बाजूला साल थोडी चेपतेच. ती चेप गळून पडणाऱ्या तुकड्यावर जायला हवी. बहुतेक जण कात्री हाताला येईल तशी धरतात आणि अर्ध्या वेळा चेप झाडावर ठेवून जातात. मनगट फिरवून बाजू बदलायला क्षणभरही लागत नाही.

ही कात्री शोधून काढण्याचं श्रेय फ्रान्सच्या बर्त्रां द मोलव्हिल यांना दिलं जातं. सोळाव्या लुईच्या काळात नौदल मंत्री असलेला हा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीत देश सोडून गेला आणि 1818 मध्ये वारला. ही कात्री येण्याआधी द्राक्षाची छाटणी वाकड्या पात्याच्या सुरीने होई. दोन पात्यांची कात्री हळूहळू मळ्यांत शिरली आणि सुरी मागे पडली. पुढची मोठी पायरी स्वित्झर्लंडमध्ये पडली. फेलिक्स फ्लिश यांनी 1945 मध्ये न्यूशातेल परगण्यातल्या एका खेड्यात फेल्को ही कंपनी सुरू केली. लाल मुठीचं तिचं दोन नंबरचं मॉडेल आज जगभरच्या बागांमध्ये दिसतं. त्या कात्रीचं पातं, जबडा, स्प्रिंग, मधला बोल्ट, खटका, सगळं सुटं मिळतं. पंचवीस-तीस वर्षं वापरलेली कात्री नवं पातं घालून पुन्हा कामाला लावणारे माळी युरोपात सर्रास आढळतात. कंपनीने डावखुऱ्यांसाठी आणि लहान हातांसाठी वेगळी मॉडेलं काढली, हेही तितकंच महत्त्वाचं.

आपल्याकडे ती कात्री काही हजारांना पडते आणि चार कुंड्यांसाठी एवढा खर्च करावा असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यामागचा विचार स्वस्त कात्रीतही शोधता येतो. लुधियानाच्या फाल्कनसारख्या भारतीय कंपन्या काही शे रुपयांत बायपास सिकेटर विकतात आणि त्यांच्या काही मॉडेलांचा मधला बोल्ट पान्याने सुटतो. दुकानात कात्री घेताना नेमका हा बोल्ट पाहावा. नट-बोल्ट आहे की ठोकलेला रिव्हेट? नट असेल तर पातं सैल झाल्यावर कसता येईल, धारेसाठी काढता येईल. कापायचा सगळा जोर या एका सांध्यावर येतो, म्हणून मुठीच्या रंगाआधी तिकडे नजर जायला हवी.

दुकानातच आणखी दोन गोष्टी करून पाहाव्यात. कात्री मिटवून उजेडासमोर धरावी. पातं आणि जबडा यांच्यामध्ये फट दिसत असेल तर ती कात्री हिरवी साल कापणार नाही, दुमडून ओढेल. मग वर्तमानपत्राच्या कागदाचा एकेरी तुकडा मागून पात्याच्या अगदी टोकापर्यंत कापून पाहावा. चांगली बायपास कात्री कागद सरळ कापते. वाईट कात्रीत तो दोन पात्यांमध्ये अडकतो आणि चुरगळतो. दुकानदार क्वचित नाक मुरडतो, पण कागदावर जे दिसतं तेच पुढे जास्वंदीवर दिसणार असतं.

हाताच्या मापाबद्दल तर फारच थोडं बोललं जातं. बाजारातल्या बहुतेक सिकेटरी एकवीस-बावीस सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि पूर्ण उघडल्यावर मोठ्या, रुंद पंजालाच नीट धरता येतात. घरच्या बागेत राबणारे बरेच हात बायकांचे आणि वयस्कर माणसांचे असतात. कात्री उघडल्यावर करंगळी खालच्या मुठीपर्यंत पोचत नसेल, तर प्रत्येक काप बोटांच्या टोकांनी करावा लागतो आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. अठरा-एकोणीस सेंटिमीटरची लहान कात्री मागून घ्यावी. दुकानात नसेल तर मागवायला सांगावी. सांधे दुखणाऱ्यांसाठी रॅचेटची कात्री मिळते. ती एकाच फांदीवर तीन-चार टप्प्यांत दाब देते, त्यामुळे काम सावकाश होतं, पण हाताला जोर लागत नाही. यातल्या बऱ्याचशा अ‍ॅन्व्हिल प्रकारच्या असतात, तेवढं पाहून घ्यावं. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताची कात्री वापरली तर काप नेमका पात्याआड जातो आणि दिसत नाही. त्यांच्यासाठी उलट्या बाजूच्या पात्याची कात्री मुद्दाम शोधण्यासारखी आहे.

पोलादाविषयी थोडक्यात. जास्त कार्बनचं, नीट पाणी दिलेलं पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण दमट हवेत लवकर गंजतं. स्टेनलेस गंजत नाही, मात्र त्या किमतीतल्या स्टेनलेसची धार लवकर जाते. कोकणात आणि मुंबईत, जिथे पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या वस्तूंनाही बुरशी येते, तिथे स्टेनलेसचा मोह होणं स्वाभाविक आहे. तरी कौल कार्बन पोलादाच्याच बाजूने द्यावा. गंजाला तेलाचा एक थेंब पुरतो. कडक टेफ्लॉनसारखा काळा लेप दिलेली पातीही मिळतात. त्यांना चीक कमी चिकटतो, पण धार लावताना तो लेप धारेपासून निघूनच जातो, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सिकेटर कुठे थांबवायची, हे कळलं नाही तर चांगली कात्रीही महिन्यात बिघडते. हिरव्या फांदीसाठी अंगठ्याएवढी जाडी ही तिची हद्द. दोन्ही हातांनी दाबावं लागलं किंवा कापताना मनगट डावीकडे-उजवीकडे पिरगाळावं लागलं, तर फांदी कात्रीच्या बाहेरची आहे. पिरगाळण्याने पातं आणि जबडा यांच्यात फट पडते आणि ती एकदा पडली की बोल्ट कसूनही पुरती भरत नाही. अशा फांदीसाठी घडीची करवत काढावी. लांब दांड्यांची लॉपर कात्री बंगल्याच्या आवारात, भरपूर बोगनवेल किंवा जुना लिंबू असेल तर उपयोगी पडते. फ्लॅटमध्ये ती नुसती जागा अडवते.

घडीच्या करवतीने आपल्या बागकामात फार मोठा फरक पडला आहे. जपानी घडणीची ही करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. त्यामुळे पातं पातळ ठेवता येतं, ते वाकत नाही आणि फांद्यांच्या गर्दीत एका हाताने चालवता येतं. सुताराची करवत ढकलताना कापते. ती झाडावर चालवली की बेचक्यात अडकते आणि शेजारच्या फांदीची साल खरवडते. सतरा-अठरा सेंटिमीटर पात्याची, दुमडल्यावर खिशात मावणारी करवत घरासाठी पुरे.

करवत हातात आली की झाडाची खरी परीक्षा सुरू होते, आणि इथे अ‍ॅलेक्स शिगो यांचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतल्या या शास्त्रज्ञाने साखळी-करवतीने असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली. फांदी तोडल्यावर झाड ती जागा माणसाच्या कातडीसारखी नव्या पेशींनी भरून काढत नाही. ते कुजका भाग चारी बाजूंनी भिंती घालून वेगळा करतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड वाढवतं, असं शिगो आणि हॅरॉल्ड मार्क्स यांनी 1977 च्या आपल्या पुस्तिकेत मांडलं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. जखम बंद करण्याची ताकद त्या कड्यात असते. त्याकाळी माळी फांदी खोडाशी सपाट कापत, दिसायला नीटनेटकं म्हणून. त्यात ते कडंच कापलं जाई आणि कूज खोडात उतरे. आजही महाराष्ट्रात बहुतेक फांद्या एक तर खोडाशी सपाट तासलेल्या दिसतात किंवा वीतभर खुंट ठेवून तोडलेल्या. दोन्ही चूक. काप कड्याच्या लगेच बाहेर बसायला हवा.

वजनदार फांदी असेल तर तीन काप घ्यावे लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत चिरायचं, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी उतरवायची आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेर स्वच्छ कापायचा. खालचा काप आधी घेतला नाही, तर फांदी आपल्या वजनाने खाली येताना खोडाची हातभर साल सोलून नेते. शेवग्याला हे फार होतं, कारण त्याचं लाकूड ठिसूळ आणि फांद्या लांबलचक.

कोयत्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण बहुतेक सोसायट्यांमध्ये छाटणी त्यानेच होते. कोकणातल्या माणसाच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, हे त्या भूमीचं अवजार आहे आणि नारळाची झावळी, बांबू, गवत-काटेरी झुडपं यांत त्याला तोड नाही. मुरलेला हात एकाच घावात कोवळी फांदी स्वच्छ उडवतो, हेही खरं. पण कोयता घाव घालतो, आणि घाव नेमका कड्याबाहेर दरवेळी बसेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जास्वंदीवर, पारिजातकावर, कढीपत्त्यावर दोन-तीन घावांत तुटलेली फांदी पाहिली की खाली चिरफाळलेलं लाकूड आणि लोंबती साल दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा जखमा झाडावर ठेवणं म्हणजे बुरशीला आयतं घर देणं. घरच्या बागेत छाटणीला कोयता नको, हे ठामपणे सांगायला हवं.

कापलेल्या जागेला काय लावायचं, हा नेहमीचा प्रश्न. डांबर आणि ऑइलपेंट लावू नये. त्याने कूज थांबत नाही, ओल आत कोंडते. बोटाएवढ्या फांदीच्या कापाला काहीही लावायची गरज नाही. लिंबू-मोसंबीसारख्या झाडांची जाड फांदी काढली असेल, तर आपल्याकडे कृषी विद्यापीठं सांगतात ते बोर्डो मलम लावावं: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि लिटरभर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवावा आणि त्याच्या पाण्यात कात्री कधीही बुडवू नये, कारण तो लोखंड खातो.

कात्री रोगही वाहून नेते. डाळिंबाच्या शेतकऱ्यांइतकी याची किंमत फार थोड्यांनी मोजली असेल. तेलकट डाग, म्हणजे तेल्या, हा जिवाणूजन्य रोग सोलापूर-नाशिकच्या बागांमध्ये पसरला आणि फळाला चिरा पडून बागाच्या बागा हातच्या गेल्या. सोलापूरला 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. छाटणी करताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवत राहा, ही सूचना आता डाळिंब बागायतदारांच्या अंगवळणी पडली आहे. घरच्या बागेत तेल्या नसला तरी कागदी लिंबाच्या पानांवर खरखरीत ठिपके पाडणारा खैऱ्या असतो, मिरचीवर विषाणू असतो, आणि ऑर्किडवाल्यांना तर एका झाडाचा विषाणू कात्रीवरून दुसऱ्यात जातो हे चांगलंच ठाऊक असतं. घरी हायपोक्लोराइटची गरज नाही. ते पात्याला गंज आणतं. घरात पडलेला अल्कोहोलचा सॅनिटायझर फडक्यावर घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसलं तरी पुरे. रोगट झाड सगळ्यात शेवटी छाटावं आणि खैऱ्या असलेल्या लिंबावर पाऊस चालू असताना कात्री लावूच नये.

देखभालीला फार वेळ लागत नाही. काम झालं की पात्यावरचा चीक लगेच पुसावा. चाफा आणि कण्हेर यांचा चीक वाळला की घट्ट बसतो, आणि कण्हेरीचा तर विषारी असतो, म्हणून हातही धुवावेत. वाळलेला चीक फडक्यावर थोडं रॉकेल किंवा स्पिरिट घेऊन सुटतो. मग सांध्यात आणि स्प्रिंगवर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. खोबरेल लावू नये, ते चिकट होतं, थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. धार लावताना बायपास कात्रीच्या पात्याची फक्त उतरती बाजू निसण्यावर घासायची, मूळचा उतार राखून, पात्याच्या मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने. सपाट बाजूवर आलेली बारीक कोर निघेल एवढाच एक हलका हात तिकडे फिरवायचा. सपाट बाजूलाही उतार काढला की पातं आणि जबडा यांच्यात फट पडते आणि कात्री कायमची गेली. दारावर येणारा सायकलचा धारवाला चाकावर दोन्ही बाजू घासून ठिणग्या उडवतो. सुरी-विळीला ते चालतं, सिकेटर त्याच्याकडे देऊ नये.

अवजारांच्या या हेळसांडीत सगळ्यात जास्त अन्याय माळ्यावर होतो. पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशिकमधल्या मोठ्या सोसायट्या हिरवळीवर, कारंज्यांवर, आणलेल्या मोठ्या झाडांवर लाखो रुपये घालतात. माळ्याच्या हातात मात्र ठेकेदाराने दिलेली सगळ्यात स्वस्त कात्री असते, तीही तिघांत एक. ड्युरांटाचं कुंपण कापायची मोठी कात्री गुलाबावर चालते आणि गुलाबाची सिकेटर तारा कापायला वापरली जाते. मग कार्यकारिणीच्या बैठकीत झाडं नीट वाढत नाहीत, अशी तक्रार माळ्याच्याच नावावर लागते. प्रत्येक माळ्याला त्याच्या पंजाच्या मापाची, त्याने स्वतः दुकानात हातात घेऊन निवडलेली बायपास सिकेटर आणि एक घडीची करवत मिळायला हवी. बागेच्या करारात तेवढी एक ओळ आणि वर्षाला एक स्प्रिंग व एक पातं एवढा खर्च लिहिला तरी भागेल. हिरवळीच्या एका खेपेच्या खतापेक्षा तो जास्त होणार नाही.

आवारातल्या मोठ्या झाडांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि त्यात झाडाला इजा पोचवणंही तोडण्यात मोडतं. आपल्या आवारातला आंब्याच्या किंवा वावळ्याच्या मोठ्या फांद्या काढायच्या तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. विजेच्या तारांजवळ अ‍ॅल्युमिनियमच्या लांब काठीची कात्री तर कुणीही हातात धरू नये.

हंगाम जवळ असताना कात्री घेण्यात अर्थ आहे, कारण ती लगेच वापरली जाते आणि तिचे दोष परत करण्याच्या मुदतीत कळतात. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात. त्यानंतर साधारण दीड महिन्यात बहर येतो. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटावा, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या भरतात. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे त्याचे शेंडे मारायला घाबरू नये.

पुण्यात एम्प्रेस गार्डनला दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं आणि मुंबईत राणीच्या बागेतही फुलांचं प्रदर्शन होतं. बागेवर जीव असलेली हजारो माणसं तिथे येतात, रोपं आणि बियाणं घेऊन घरी जातात. त्या गर्दीत सिकेटरला योग्य धार लावून देणारा, सुट्या स्प्रिंगा आणि पाती विकणारा आणि कात्री उघडून दाखवणारा एक तरी स्टॉल आयोजकांनी लावावा. द्राक्षपट्ट्यातला एखादा कसबी छाटणीवाला तिथे मानधन देऊन बोलवावा आणि त्याच्याकडून येणाऱ्यांना गुलाबाच्या एका फांदीवर काप कसा घ्यायचा ते करून दाखवायला लावावं.